पोलंडच्या गरुडाला मुकुट का? (वळिवड्याच्या छावणीतला एक बिल्ला)

उचगावकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव उचगाव, कोल्हापूरला लागूनच. आजोबांचा दुधाचा रतीब होता. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी पडली, तेव्हा तिथंही दूध घालायचे. आताचं गांधीनगर ते हेच. आजोबा 'पोलिसांची छावणी' म्हणायचे आणि लहानपणी आम्हाला खरंच वाटायचं की तिथं पोलीस राहत होते.

परवा घर रंगवायला काढलं म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. जुने सातबारे, सोसायटीच्या पावत्या आणि तपकिरीच्या डबीत एक बिल्ला. फोटो काही केल्या इथं चढेना, म्हणून वर्णन करतो. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या धातूचा, खोबणीत काळा पडलाय. पंख पसरलेला गरुड. डोकं एकच, आपल्या डाव्या हाताला वळवलेलं. डोक्यावर मुकुट. पायाखाली अर्धचंद्रासारखी छोटी ढाल, तिच्यावर नखं रोवलीत. अक्षर एकही नाही. मागं आटे पाडलेली दांडी आणि तिच्यावर गोल चकतीचा नट.

शेजारचे सर म्हणतात रशियाच्या झारचा आहे. पुतण्या म्हणतो हिटलरचा, घरात ठेवू नका. मी नेटवर पोलंडचा गरुड शोधला, तर काही चित्रांत मुकुट आहे, काहींत नाही. नेमकं खरं कुठलं? आणि पोलंडमध्ये राजा नाही, तर मुकुट कशाला? जाणकारांनी उजेड पाडावा.

सडेतोड

पुतण्या हुशार आहे. पंख पसरलेला गरुड, महायुद्धाचा काळ, अजून काय पाहिजे? उगाच भानगड नको. आणि राजा नसलेल्या देशाने मुकुट मिरवायचा म्हणजे संस्थान खालसा झाल्यावर दारावर 'सरकार' पाटी ठेवण्यातला प्रकार.

दमडी

सडेतोड, दमानं घ्या. नाझी गरुडाच्या पायात गोल हार आणि त्यात स्वस्तिक असतं, मुकुट कधीच नसतो. रशियाच्या गरुडाला दोन डोकी. मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानच्या १४९७ च्या शिक्क्यावर ती दिसतात, पुढे झारांनी तीच चालवली आणि १९९३ पासून परत तीच आहेत. म्हणजे सरही बाद.

दोन डोक्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, त्यासाठी युरोपात जायला नको. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या नाण्यावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड हत्ती उचलून नेताना दिसतो, आणि कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हात तो आजही आहे. माझ्याकडे त्यातला अर्धा वराह (सोन्याचं छोटं नाणं) आहे. विकायचा नाही, कृपया व्यनि (खासगी निरोप) करू नयेत.

उचगावकर, एक डोकं, मुकुट आणि मागे नटबोल्ट हे पोलंडच्या बिल्ल्यांचं नेहमीचं लक्षण. बाकी ओद्राकाठी ताई सांगतील, त्या तिथेच राहतात.

ओद्राकाठी

हाक ऐकली, आले.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर व्रोत्सवाफला आले ती इथलीच झाले. पहिली काही वर्षं या गरुडाकडे माझं लक्षही नव्हतं. राहण्याच्या परवान्यासाठी सरकारी कार्यालयात नंबर लागेपर्यंत बसून राहायचं आणि समोरच्या भिंतीवर लाल ढालीतला पांढरा गरुड. मुलाच्या शाळेत फळ्याच्या वर तोच, शेजारी क्रॉस. टपालात तोच, प्रत्येक नाण्यावर तोच. इतका सगळीकडे की दिसेनासाच होतो. मग एकदा इथल्या जुन्या बाजारात (पुण्याच्या जुन्या बाजाराचा थोरला भाऊ समजा) एका आजोबांनी कम्युनिस्ट काळातलं एक झ्वॉटीचं नाणं हातावर ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमचं, इतकं हलकं की खोटंच वाटावं. माझ्या पर्समधलं आजचं झ्वॉटी काढून त्यांनी शेजारी ठेवलं आणि दोन्ही गरुडांच्या डोक्यांवर नख टेकवून म्हणाले, "फरक बघ." एकाचं डोकं बोडकं, दुसऱ्यावर मुकुट. त्यानंतर जे मिळेल ते वाचत सुटले. त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमचा बिल्ला. पायाखाली ढाल आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण सगळी मेख तिथे आहे. देशाच्या राजचिन्हातल्या गरुडाच्या पायाखाली काहीही नसतं, तो लाल ढालीच्या मधोमध मोकळा असतो. अर्धचंद्राकृती ढालीवर उभा राहतो तो सैन्याचा गरुड, शिपायाच्या टोपीवर लावायचा. ही पद्धत नेपोलियनच्या काळापासूनची. तेव्हा नेपोलियनने वॉर्साची डची (त्याच्या आश्रयाखालचं छोटं पोलिश राज्य) उभी केली होती आणि तिच्या सैनिकांच्या टोप्यांवर असा गरुड असायचा. १९१८ मध्ये देश परत उभा राहिला तेव्हा नव्या सैन्याने तोच उचलला. तेव्हा तुमच्या तपकिरीच्या डबीत आहे तो कुणातरी पोलिश शिपायाच्या टोपीवरचा गरुड.

वळिवड्याला शिपाई कुठून आला? तो आला नसेल, त्याची बायकोपोरं आली. १९३९ मध्ये जर्मनीने एकीकडून आणि सोव्हिएतांनी दुसरीकडून पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना सोव्हिएतांनी १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं. मग हिटलरने रशियावरच हल्ला केला, स्टालिनला मित्रांची गरज पडली, आणि जुलै १९४१ च्या करारानंतर या लोकांची सुटका झाली. त्यांच्यातूनच जनरल अँडर्सने रशियात सैन्य उभं केलं. अंगावर फाटके कपडे, पायाला चिंध्या, पण टोपीवर गरुड पाहिजेच, म्हणून लोकांनी तो डब्यांच्या पत्र्यातून कापून काढला. १९४२ मध्ये हे सैन्य इराणला गेलं, तिथून मध्यपूर्वेत, तिथून इटलीत. मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनोचा मठ शेवटी यांनीच घेतला. सोबत निघालेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं इराणमधून आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडला आणि आपल्याकडे पांगली. वळिवड्याला पाचेक हजार माणसं होती. त्यातल्या बऱ्याच जणींचे नवरे, भाऊ, बाप अँडर्सच्या सैन्यात. तुमच्या आजोबांना हा कुणी दिला, का दिला, हे आता कोण सांगणार? पण गरुड तिथवर पोचायला वाट होती एवढं नक्की.

आता मुकुट.

गोष्ट सांगतात ती अशी की लेख नावाच्या मूळपुरुषाला मावळतीच्या तांबड्या आभाळासमोर घरट्यात बसलेला पांढरा गरुड दिसला आणि तिथेच त्याने ग्न्येझ्नो शहर वसवलं. गोष्टच ती. कागदोपत्री गरुडाला मुकुट चढला तो १२९५ मध्ये. त्याआधी दीडशेहून जास्त वर्षं पोलंडचे तुकडे होते, प्रत्येक तुकड्यावर राजघराण्यातला एकेक जण आणि पुष्कळांच्या ढालीवर आपापला गरुड. त्यातल्या प्शेमिसव दुसऱ्याने ग्न्येझ्नोला राज्याभिषेक करवून घेतला आणि आपल्या मुद्रेवर मुकुट घातलेला गरुड कोरला. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. मुद्रा मात्र टिकली.

सडेतोड, तुमच्या पाटीवाल्या टोमण्याचं उत्तर याच्या पुढच्या शतकात आहे. चौदाव्या शतकापासून पोलंडात 'मुकुट' म्हणजे राजाची मालमत्ता राहिली नाही. राजे मरतील, बदलतील, परक्या घराण्यातून येतील, पण मुकुट म्हणजे राज्य, ते त्यांच्याहून वेगळं, असा कायद्याचाच विचार झाला. १५७३ पासून तर ते राजा मतं टाकून निवडायचे! पहिलाच निवडलेला राजा फ्रान्सचा होता, तो काही महिन्यांत रातोरात पॅरिसला पळाला कारण तिकडची गादी मोकळी झाली. राजा पळाला, मुकुट इथेच.

खरे, सोन्याचे मुकुट क्राकूफच्या वावेल किल्ल्यात होते. १७९५ मध्ये प्रशियाच्या सैन्याने तो खजिना पळवला आणि १८०९ मध्ये वितळवून टाकला. म्हणजे डोक्यावर घालायचा मुकुट गेला. उरला तो गरुडाच्या डोक्यावर.

उचगावकर

ताई, वाचून सुन्न झालो. आजोबा एवढंच सांगायचे की तिथल्या बायका लई स्वच्छ, भांडं उलटं करून दाखवल्याशिवाय दूध घ्यायच्या नाहीत. सायबेरियाचं कुणी बोललंच नाही.

खजिना वितळवल्याचं वाचून रायगडाच्या सिंहासनाचं काय झालं असेल ते आठवलं. असो. मग बिनमुकुटाचा गरुड कुणाचा? तो कम्युनिस्टांनी काढला का?

सडेतोड

नाझी नाही हे मान्य. पण मुद्दा तोच आहे: राज्य म्हणजे मुकुट हा विचार चौदाव्या शतकातला. एकविसाव्या शतकात लोकशाही देशाने तो का पुजावा? कम्युनिस्टांनी काढला असेल तर त्या एका बाबतीत त्यांचं बरोबर होतं, असं मी म्हणेन. टोमणे स्वीकारले जातील.

शिक्रा

मला इतिहासातलं कळत नाही, पण पक्ष्यातलं थोडं कळतं. पोलंडचा हा गरुड नेमका कुठला, यावर तिकडचे पक्षीवालेही वाद घालतात. सोनेरी गरुडाच्या पायावर बोटांपर्यंत पिसं असतात, पायमोजे घातल्यासारखी. समुद्र गरुडाची नडगी उघडी, पिवळीधमक. आता पोलंडच्या चिन्हात बघा, पाय उघडे आणि सोनेरी. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात की हा पांढऱ्या शेपटीचा समुद्र गरुडच. पोलंडात त्याच्या हजारावर जोड्या आहेत, सोनेरी गरुड मात्र कार्पाथियन डोंगरात थोडकेच उरलेत.

मला स्वतःला हा वाद पटत नाही. ढालीवरचा गरुड काढणाऱ्याने पक्षी बघून काढलेला नसतो. जर्मनीच्या काळ्या गरुडाचेही पाय उघडेच आहेत. आणि सबंध पांढरा गरुड निसर्गात आहेच कुठे?

अवांतर: याच कुळातला भाऊबंद आपल्या कोकणात आहे, पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. आमच्या गुहागरकडे त्याला काकण म्हणतात. किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर एवढालं घरटं. सुरूच्या झाडावरून खाली मासा पडला तर समजायचं वरती काकणाचं जेवण चाललंय.

ओद्राकाठी

शिक्रा, पायांचं आधी माहीत नव्हतं, आता प्रत्येक नाण्यावर पायच बघत बसणार!

उचगावकर, बिनमुकुटाच्या गरुडाकडे येते, पण वाटेत एक गंमत राहिली ती सांगते. अठराव्या शतकात पोलंडचे तिन्ही शेजारी, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया, तिघांच्याही झेंड्यावर काळा गरुड. १७३२ मध्ये पोलंडच्या गादीवर कुणाला बसू द्यायचं नाही याबद्दल तिघांनी मिळून गुपचूप तह केला, त्याला इतिहासात 'तीन काळ्या गरुडांचा तह' म्हणतात. मग १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत पोलंड नकाशावरून संपला. १८१५ नंतर रशियाने आपल्या वाट्याच्या भागाला पोलंडचं राज्य असं नाव दिलं आणि त्याचं चिन्ह केलं ते बघाच शोधून. रशियाचा दोन डोक्यांचा काळा गरुड, आणि त्याच्या छातीवर, बाळाला दुपट्यात बांधावं तसा, छोटासा पांढरा गरुड. मुकुट ठेवला होता हो त्याला! अपमान कसा करावा हे साम्राज्यांकडून शिकावं.

सव्वाशे वर्षांनी, १९१८ मध्ये, देश परत आला. १९१९ च्या कायद्यातल्या गरुडाच्या मुकुटावर क्रॉस होता. १९२७ मध्ये झिग्मुंट कामिन्स्की या चित्रकार प्राध्यापकाने चिन्ह नव्याने काढलं. आज आपण बघतो ते जवळजवळ तेच. त्यात मुकुट वरून उघडा झाला, क्रॉस गेला, आणि पंखांवर पाच टोकांच्या चांदण्या आल्या. त्या चांदण्यांवरून तेव्हा केवढी ओरड झाली. कुणी म्हणे फ्रीमेसन या गुप्त संघटनेचा कट, कुणाला त्यात रशियाचे बोल्शेविक दिसले. चांदण्या अजून आहेत आणि कुरकुरणारेही आहेत.

आता १९४३. अँडर्सचं सैन्य रशियातून निघून गेलं होतं, म्हणून स्टालिनने आपल्या हाताखाली दुसरं पोलिश सैन्य उभं केलं. त्याला गरुड हवा, पण मुकुटवाला नको, कारण तो देश सोडून लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारचा. मग प्वोत्स्कच्या कथीड्रलमधल्या जुन्या राजांच्या स्मारकावर बिनमुकुटाचा गरुड सापडला. हाच आमच्या आद्य प्यास्त घराण्यातल्या राजांचा खरा गरुड, असं सांगून तो टोपीवर चढवला. गंमत म्हणजे ते स्मारकच एकोणिसाव्या शतकातलं. शिपायांना काय पत्ता, पण त्यांना तो पक्षी आवडला नाही. त्यांनी त्याचं नाव ठेवलं कोंबडी. (गरुडाला कोंबडी म्हणणं युरोपात चालतंच. जर्मन लोक आपल्या संसदेतल्या गरुडाला 'लठ्ठ कोंबडी' म्हणतात, आणि बघितलात तर तुम्हीही तेच म्हणाल.)

तर १९४४ पासून पोलंडात मुकुट उतरला. कायदा मात्र त्यांनी १९५५ मध्ये केला. आणि चित्र कुठलं घेतलं? कामिन्स्कींचंच, नुसता मुकुट खोडून. म्हणजे नेटवर तुम्हाला दिसलेले दोन्ही गरुड एकाच हातचे आहेत.

आता यात वळिवडं कुठे येतं ते बघा. जुलै १९४५ पर्यंत ब्रिटिश सरकार लंडनच्या पोलिश सरकारला मानत होतं, आणि म्हणून हिंदुस्थानातल्या छावणीतली माणसंही त्याच सरकारची मानली जायची. ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. छावणीतल्या बायकांच्या दृष्टीने बघा. मुलाच्या स्काउटच्या कार्यक्रमात, शाळेत, चर्चमध्ये मुकुटवाला गरुड, आणि मायदेशात राज्य बोडक्या गरुडाचं. बऱ्याच जणींचं गावच सीमा सरकल्यामुळे सोव्हिएत संघात गेलं होतं. परत जायचं तर कुठे? थोड्या गेल्या, बाकीच्या छावणी मोडल्यावर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा पांगल्या. मुकुट हा त्यांच्यासाठी राजाराणीचा विषयच नव्हता, सडेतोड. मॉस्कोच्या मर्जीशिवाय चालणारं राज्य, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या बिल्ल्याचं वय काढायचं असेल तर भिंगाखाली मुकुटाचा माथा बघा. १९५६ मध्ये लंडनच्या परागंदा सरकारने मुकुटावर परत क्रॉस बसवला. तेव्हा क्रॉस नसेल तर युद्धकाळातला म्हणायला हरकत नाही. क्रॉस दिसला तर कोडं वाढलं.

उचगावकर

भिंग आणून बघितलं. क्रॉस नाही. मुकुटाला पाच टोकं मोजता येतात, त्यातलं एक झिजलंय. बायको म्हणते आता पितांबरी लावून चकचकीत करून देवघराशेजारी ठेवू.

दमडी

पितांबरी लावलीत तर मी कोल्हापूरला येऊन धागा बंद करीन.

गंमत सोडा. काहीही घासू नका. मागचा नट फिरत नसेल तर फिरवू नका, तेलही नको. नटावर बारीक अक्षरं असू शकतात, बनवणाऱ्याचं नाव, गाव. पुढून, मागून आणि नटाचा जवळून असे तीन फोटो काढा. आणि किंमत विचारायला येणाऱ्यांना वाटेला लावा. बाजारात या गरुडांच्या नकला पैशाला पासरी मिळतात. तुमच्या बिल्ल्याला जे मोल आहे ते 'उचगावच्या गवळ्याच्या ट्रंकेत सापडला' या वाक्याला आहे. तो कुठे, कशाखाली सापडला, आजोबा काय सांगायचे, सगळं आज तारखेसह कागदावर लिहून डबीतच ठेवा. भांडं उलटं करून दाखवायचं तेही लिहा.

ओद्राकाठी

दमडींना शंभर टक्के अनुमोदन. फोटो काढलेत की लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयाला पाठवून बघा. परागंदा सरकारची आणि अँडर्सच्या सैन्याची कागदपत्रं तिथे आहेत. आणि कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे, तिथे एकदा जाऊन या. इकडे वॉर्सात माँटे कॅसिनोच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदी आले तेव्हा तिथे गेले होते. दगडावर 'कोल्हापूर' वाचून मिरजेच्या माणसाला काय वाटतं हे इथे लिहीत नाही, सडेतोड हसतील.

सडेतोड

हसणार नाही. पण मुद्द्यावरून हलणारही नाही. मॉस्को गेलं १९८९ ला. त्यानंतर मुकुट परत चढवला तो का? तेव्हा तर कुणी दाबत नव्हतं. हंगेरीनेही तेच केलं. १९९० मध्ये त्यांच्या संसदेत वाद झाला, बिनमुकुटाचं प्रजासत्ताकाचं चिन्ह घ्यायचं की राजमुकुटाचं, आणि मुकुट जिंकला. रशियाने तर झारचे मुकुट अख्खे परत घेतले. याच्यासमोर ऑस्ट्रिया बघा. १९१८ मध्ये हॅब्सबर्ग सम्राट गेले, तसं १९१९ मध्ये त्यांनी गरुडाचं एक डोकं उतरवलं, राजमुकुट काढून शहराच्या तटबंदीच्या आकाराचा मुकुट दिला नागरिकांसाठी, एका पायात विळा शेतकऱ्यांसाठी, दुसऱ्यात हातोडा कामगारांसाठी. १९४५ ला हिटलर गेल्यावर पायात तुटलेल्या बेड्या घातल्या. याला म्हणतात चिन्ह बदलणं. पोलंडने जुनं कपाट उघडलं आणि होतं ते घातलं.

ओद्राकाठी

वा, अभ्यास करून आलात. ऑस्ट्रियाचा मुद्दा चांगला आहे, पण ऑस्ट्रियाने स्वतःच्या सम्राटाला घालवलं होतं. पोलंडने कुणाला घालवायचं? त्यांचा शेवटचा राजा १७९५ मध्येच गादी सोडून गेला. ज्यांनी मुकुट काढला ते राजाला नको म्हणणारे पोलिश लोक नव्हते, ते रणगाड्यांच्या मागून आले होते. त्यामुळे इथे मुकुट परत चढवणं म्हणजे राजाला परत बोलावणं असं कुणालाच वाटलं नाही. डिसेंबर १९८९ मध्ये घटना दुरुस्त झाली, फेब्रुवारी १९९० मध्ये नवं चित्र कायद्यात आलं. ते आंद्झेय हायद्रिख यांनी कामिन्स्कींच्याच चित्रावरून सुधारून काढलं. इथल्या नोटाही त्यांच्याच हातच्या. आणि आजच्या पोलिश नाण्यांतली काही बघा, त्यांच्यावर १९९० साल आहे. घाईने मुकुट घालून पाडून ठेवली, पण महागाईत पैशालाच किंमत राहिली नाही, म्हणून दहा हजार जुन्या झ्वॉटींचा एक नवा झ्वॉटी केल्यावर, १९९५ मध्ये, ती चालू झाली.

२२ डिसेंबर १९९० ला लंडनच्या परागंदा सरकारचे शेवटचे अध्यक्ष रिशार्ड काचोरोव्स्की वॉर्साच्या राजवाड्यात आले आणि त्यांनी जुनी राजचिन्हं नवे अध्यक्ष लेख वावेन्सांच्या, म्हणजे आपल्या पेपरांतल्या वालेसांच्या हातात दिली. काचोरोव्स्की स्वतः सोव्हिएत छळछावणीतून सुटून अँडर्सच्या सैन्यात गेलेले, माँटे कॅसिनोला लढलेले. पंचेचाळीस वर्षं ज्या सरकारला जगात जवळजवळ कुणी मानत नव्हतं, त्याने कपाट सांभाळलं म्हणून तर उघडता आलं.

लोकांना याचं खरंच काही पडलंय का, असं विचाराल. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पोलिश फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय संघाच्या नव्या जर्सीवरून गरुड काढला आणि आपलं बोधचिन्ह लावलं. आमच्याच व्रोत्सवाफमध्ये इटलीशी सामना, तारीख ११ नोव्हेंबर, म्हणजे नेमका स्वातंत्र्यदिन. दोन-शून्य हरले ते वेगळंच. पण लोक चिडले ते गरुडावरून. स्टेडियममध्ये हुर्यो, टीव्हीवर चर्चा, राजकारणी मध्ये पडले. थोड्याच दिवसांत गरुड परत छातीवर आला, मुकुटासकट. १९९७ च्या घटनेत कलम २८ मध्ये वाक्यच आहे, लाल पार्श्वभूमीवर मुकुट घातलेला पांढरा गरुड. फुटबॉल संघटनेने वाचलं नसावं.

शिक्रा

घटनेत पायांबद्दल काही लिहिलंय का?

ओद्राकाठी

घटनेच्या त्या वाक्यात पाय नाहीत. कायद्यातल्या वर्णनात मात्र नखं आणि चोच सोन्याची आहेत. पिसांचं काही नाही. तुमचा वाद चालू ठेवा.

सडेतोड

परागंदा सरकारच्या कपाटाचा मुद्दा मान्य, तो माहीत नव्हता. पण मुकुटाबद्दल मत तेच. ऑस्ट्रियाचा विळा-हातोडावाला गरुड मला अजूनही जास्त प्रामाणिक वाटतो, आणि तिथल्या कम्युनिस्टविरोधी लोकांनी तो आजवर खपवून घेतला याचं तर जास्तच कौतुक.

उचगावकर, देवघराशेजारी ठेवू नका. वहिनींना सांगा, सातबाऱ्यांसोबतच जागा बरोबर आहे.